आकाशपाळण्यातील अर्धा तास

मनुष्याने चाक कशासाठी शोधून काढले, असे विचारले तर शाळेतील कोणताही मुलगा उत्तर देईल की, ओझे वाहण्यासाठी. गाडीचे चाक, कुंभाराचे चाक, विहिरीवरचा रहाट ही सारी मंडळी कामकरी आहेत. चाकाच्या ह्या मोठ्या कुळात एकच दिवटा असा निपजला की, ज्याने जन्मात काडीचेही काम केले नाही. तो आपल्याला कोठेही नेत नाही. जेथून उचलतो तेथेच आणून सोडतो, आणि ह्या सेवेबद्दल वर पैसे घेतो! जत्रेतील रहाटपाळणा तो हाच.

ह्या कुलदीपकाचा एक धिप्पाड वंशज लंडन शहरी थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर उभा आहे. इंग्रज लोक त्याला 'लंडन आय', म्हणजे लंडनचा डोळा, असे म्हणतात. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही मुलीकडे गेलो असता त्याच्या दर्शनाचा, आणि नुसत्या दर्शनाचाच नव्हे तर त्यात बसण्याचाही, योग आला. फेरी अवघ्या अर्ध्या तासाची. परंतु मुंबईहून लंडनास जाताना आम्ही जेवढे दूर गेलो नव्हतो, तेवढे त्या अर्ध्या तासात जाऊन आलो. ती हकीकत वाचकांस सांगावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

बेत मुलीचा होता. तिने आम्हांस न विचारताच तिकिटे काढून ठेवली होती. कारण विचारले असते तर आम्ही नको म्हणालो असतो, हे तिला पक्के ठाऊक होते. तिकिटे समोर येताच आमच्या सौभाग्यवतींनी तीन आक्षेप घेतले. पहिला आक्षेप गुडघ्यांचा. गेली सहा वर्षे त्या काठी घेऊन चालतात. दुसरा भीतीचा, कारण गच्चीच्या कठड्याशी उभे राहिले तरी त्यांचे पाय कापतात. आणि तिसरा पैशांचा. परदेशी पाऊल ठेवल्यापासून प्रत्येक पौंडाचे मनात रुपये करून पाहण्याची जी सवय आपल्या पिढीस जडते, ती त्यांनाही जडली होती. आम्ही स्वतः तटस्थ राहिलो. संसारात तटस्थ राहण्याचे शास्त्र आम्ही पंचेचाळीस वर्षांच्या अभ्यासाने हस्तगत केले आहे. अखेरीस नऊ वर्षांची नात पुढे झाली आणि, "आजी, तू नाही आलीस तर मी पण नाही जाणार," असे म्हणून तिने तो खटला एका वाक्यात निकालात काढला.

वॉटर्लू स्टेशनावर उतरून नदीच्या दिशेने पाचसात मिनिटे चालले की, इमारतींच्या आडून ते चाक एकदम समोर येते. चित्रे आम्ही पुष्कळ पाहिली होती. तरी प्रत्यक्ष दर्शनाने क्षणभर पाय थबकले. उंची १३५ मीटर, म्हणजे आपल्या कुतुबमिनाराच्या दुपटीस थोडीशीच कमी. पण नवल उंचीचे वाटले नाही, नाजूकपणाचे वाटले. एवढ्या प्रचंड वस्तूतून पलीकडचे आकाश सारे दिसते! सायकलच्या चाकाला जशा तारा असतात, तशाच पोलादी दोरांनी ह्याची धाव मधल्या तुंब्याशी ताणून धरली आहे. शिवाय चाकाला दोन्ही बाजूंनी आधार नाही. काठावरचे दोन तिरपे खांब माथ्याशी एकत्र येऊन एकाच बाजूने त्याचा आस पेलतात आणि चाक नदीवर झुकून उभे राहते. धावेच्या बाहेरच्या अंगाला काचेच्या ३२ अंडाकृती खोल्या लावलेल्या आहेत. लंडन शहराचे स्थानिक कारभाराचे ३२ विभाग आहेत, त्यांची ही खूण. मात्र खोल्यांवरील आकडे १ पासून ३३ पर्यंत आहेत. हे कसे, म्हणून आम्ही बोटे मोजू लागलो, तेव्हा नातीने खुलासा केला की, १३ हा आकडा अशुभ म्हणून गाळलेला आहे. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा बराच निवळला. ज्या देशात आपल्यासारखेच शकुन-अपशकुन पाहतात, त्या देशातील यंत्रावर विश्वास टाकण्यास हरकत नाही, असे त्यांना वाटले असावे.

रांग मोठी होती. रांगेत उभ्या असलेल्या मुलाला गोष्ट सांगणे हे आजोबांचे कर्तव्यच आहे. म्हणून आम्ही नातीला ह्या चाकाच्या पूर्वजांची गोष्ट सांगितली. १८८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आयफेल मनोरा उभा राहिला. त्याला तोड म्हणून १८९३ साली अमेरिकेत शिकागो येथील प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनियराने सुमारे ८० मीटर उंचीचे पहिले महाचक्र फिरविले. त्याला ३६ डबे होते, आणि एकेका डब्यात साठ साठ माणसे बसत. त्याच वर्षी, त्याच शहरी, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचे व्याख्यान झाले, हेही आम्ही तिला सांगून घेतले. फेरिससाहेब तीनच वर्षांनी वारले आणि त्यांचे चाक १९०६ साली सुरुंग लावून पाडण्यात आले. लंडनातही अर्ल्स कोर्ट येथे १८९५ साली असे एक चाक उभे राहिले होते. तेही बारा वर्षांत मोडीत निघाले. व्हिएन्नाचे १८९७ सालचे चाक मात्र दुसऱ्या महायुद्धात जळूनही पुन्हा उभे राहिले आणि अद्यापि फिरते आहे.

"आणि हे कुणी बांधलं?" नातीने विचारले.

ह्याचे उत्तर तिच्या आईने दिले. नव्या सहस्रकाच्या स्वागतार्थ लंडनात काय उभारावे, अशी एक स्पर्धा १९९३ साली झाली होती. तीत डेव्हिड मार्क्स आणि ज्यूलिया बारफील्ड ह्या वास्तुविशारद दांपत्याने ह्या चाकाची कल्पना मांडली. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. परंतु ह्या जोडप्याने कल्पनेचा पिच्छा सोडला नाही. लागतील ते परवाने आणि पैसा मिळवीत त्यांनी सहासात वर्षांत ती खरी करून दाखविली. चाकाचे भाग नदीतून तराफ्यांवर आणले, पाण्यावरच आडवे ठेवून जुळविले आणि मग दोर लावून उभे केले. १९९९ च्या सप्टेंबरात उचलण्याचा पहिला प्रयत्न साऱ्या लंडनच्या देखत फसला. दुसरा ऑक्टोबरात साधला. ३१ डिसेंबर १९९९ रोजी पंतप्रधान टोनी ब्लेअर ह्यांच्या हस्ते उद्घाटन झाले खरे, पण यंत्रात काही दोष आढळल्यामुळे त्या रात्री एकही उतारू आत बसला नाही. लोकांसाठी चाक फिरू लागले ते २००० सालच्या मार्चात. आरंभी ते पाचच वर्षे ठेवावयाचे होते. आता पंचवीस वर्षे होऊन गेली, तरी ते तेथेच आहे.

"नवराबायकोचं सहा वर्षं एका गोष्टीवर एकमत टिकलं, हेच खरं नवल!" सौभाग्यवती म्हणाल्या. आम्ही येथेही तटस्थ राहिलो.

आमची पाळी जवळ आली तशी एक गोष्ट ध्यानात आली आणि आमचे धाबे दणाणले. हे चाक थांबत नाही. जत्रेतला पाळणा माणसे चढविण्यास थांबतो. हे अखंड फिरतच असते. त्याची गती सेकंदाला सुमारे २६ सेंटिमीटर, म्हणजे मुंगीची नव्हे पण कासवाची म्हणावी अशी आहे. तरुण माणसे सहज पाऊल टाकून आत शिरतात. परंतु हातात काठी, गुडघे आखडलेले आणि मनात भीती असलेल्या बाईने सरकत्या दारात पाऊल कसे टाकावे? सौभाग्यवतींनी आमचा दंड घट्ट धरला. "अहो, मी इथंच बसते. तुम्ही जाऊन या. खरंच, मला काही वाटायचं नाही," त्या म्हणाल्या. मागे रांग खोळंबलेली, पुढे दार सरकते आहे. त्या घटकेला आमच्या ओठांवर काय आले होते, ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. "बरं, बस मग," असेच शब्द आले होते. उगाच चारचौघांत शोभा नको, एवढाच विचार आम्ही केला होता.

ते शब्द उच्चारले गेले नाहीत, ह्याचे श्रेय दाराशी उभ्या असलेल्या एका विशीपंचविशीच्या मुलीला आहे. तिने काठीकडे पाहिले, सौभाग्यवतींच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हात वर करून कोणाला तरी खूण केली. आणि ते प्रचंड चाक थांबले! वर टांगलेल्या काचेच्या खोल्या, त्यांतील शेकडो माणसे, सारे जागच्या जागी उभे राहिले. ती मुलगी हसून म्हणाली की, सावकाश या, घाई नाही. अपंग आणि वृद्ध माणसांसाठी चाकाची गती कमी करण्याची किंवा ते थांबविण्याची तेथे रीतच आहे, हे आम्हांस मागाहून कळले. सौभाग्यवती काठी टेकीत, राणीसाहेबांच्या थाटाने आत गेल्या. त्यांच्यामागून आम्ही गेलो. चाक पुन्हा हलू लागले.

आत पंचविसांपर्यंत माणसे मावतात. मध्ये एक लाकडी बाक आहे, बाकीची जागा उभ्याने पाहण्यासाठी मोकळी. खोली हेलकावे खात नाही. चाक फिरत असताना तिची जमीन सपाट राहावी म्हणून प्रत्येक खोलीला वेगळे यंत्र बसविले आहे. आपण वर जात आहोत हे अंगाला कळत नाही, डोळ्यांना मात्र कळते. प्रथम काठावरची माणसे लहान झाली, मग झाडे, मग आगबोटी. समोरच्या तीरावर पार्लमेंटची इमारत आणि तिचा घड्याळाचा मनोरा. आधी तो मान वर करून पाहावा लागत होता. थोड्याच वेळात त्याचे टोक आमच्या डोळ्यांच्या रेषेत आले, आणि मग खाली गेले. ज्या सभागृहात आपल्या देशाच्या भवितव्याची चर्चा पिढ्यान्पिढ्या झाली, जेथे १८९२ साली दादाभाई नौरोजी निवडून गेले, आणि १९४७ च्या जुलैत हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला, त्याच्या छपराकडे वरून पाहताना मनात थोडासा बालिश आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. त्याच इमारतीपुढच्या चौकात २०१५ सालापासून महात्मा गांधींचा पुतळा उभा आहे. एवढ्या उंचीवरून तो काही दिसला नाही. परंतु तो तेथे आहे, ह्या जाणिवेने बरे वाटले.

उजव्या हाताला नदी वळण घेऊन पूर्वेकडे जाते. तिकडे सेंट पॉलचा घुमट दिसतो. डाव्या हाताला, आमच्याच तीरावर, सेंट टॉमस रुग्णालय आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० साली परिचारिकांची शाळा काढली ती ह्याच संस्थेच्या आश्रयाने. नदीपलीकडे उत्तरेच्या बाजूस ब्लूम्सबरीचा भाग. मुलगी म्हणाली, "आई, डॉक्टर रखमाबाई तिकडे शिकल्या." अकराव्या वर्षी लग्न झालेली, मोठेपणी त्या पतीकडे नांदावयास जाण्यास कोर्टात ठामपणे नकार देणारी ही मराठी बाई १८८९ साली ह्या शहरी आली, बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिकली आणि १८९४ साली डॉक्टर होऊन परत गेली. सौभाग्यवती आता काचेपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांचे पाय कापत नव्हते. त्या बराच वेळ उत्तरेकडे पाहत राहिल्या.

इतक्यात नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही लहानपणी बसला होता का अशा पाळण्यात?"

प्रश्न साधा होता. पण खाली थांबलेले ते चाक आमच्या डोळ्यांपुढून अजून गेले नव्हते. आणि जी गोष्ट आम्ही साठ वर्षांत कोणाजवळ बोललो नव्हतो, ती त्या काचेच्या खोलीत आपण होऊन ओठांवर आली.

आमचे बालपण वाईस गेले. थंडी सरता सरता घाटाघाटांवर कृष्णाबाईचे उत्सव होत. १९६३ सालच्या उत्सवात नदीकाठच्या मोकळ्या जागेत लाकडी पाळणा आला होता. चार पेट्यांचा, दोन माणसांनी हातांनी ढकलावयाचा; माथ्यावर गेले तरी घराच्या दुसऱ्या मजल्याहून फारसा उंच नव्हे. फेरीला दहा पैसे पडत. आमचे वय तेव्हा दहा. आमच्या घरी आमची आत्या असे. ती बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली होती. अण्णासाहेब कर्वे ह्यांनी १८९३ साली, म्हणजे शिकागोचे चाक फिरले त्याच वर्षी, एका विधवेशी विवाह केला होता आणि १८९६ साली पुण्यास विधवांसाठी आश्रम काढला होता. आत्या विधवा झाली तेव्हा त्या आश्रमाला वीसपंचवीस वर्षे होऊन गेली होती. वाईहून पुणे काही फार दूर नाही. पण आमच्या आजोबांनी तिला धाडले नाही. लाल आलवण नेसून सोवळ्याचा स्वयंपाक करणे, पापड लाटणे आणि आम्हां मुलांचे करणे, ह्यांतच तिचे आयुष्य गेले.

त्या दिवशी आम्हांस उत्सवात नेण्याचे काम तिच्याकडे आले होते. पाळण्यापाशी येताच ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाळ, मला एकदा बसव रे ह्यात. वरून आपला वाडा दिसतो का बघू."

आमच्या वर्गातील तीनचार मुले तेथे रांगेत होती. आलवणातली, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेली आत्या पाळण्यात बसली आहे आणि मुले हसत आहेत, असे चित्र आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. आम्ही म्हणालो, "आत्या, तू कशी बसणार? लोक हसतील."

"खरंच की," ती म्हणाली. "मी आपली उगाच." आणि कनवटीचे दहा पैसे काढून तिने आमच्या हातावर ठेवले. आमच्या वहाणा हातात घेऊन ती खाली उभी राहिली. आम्ही मित्रांबरोबर बसलो, ओरडलो, हसलो. पाळणा वर गेला की गर्दीत एक लाल ठिपका दिसे. खाली उतरल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो हा : "दिसला का रे वाडा?"

आम्ही पाहिलेच नव्हते. आम्ही म्हणालो, "हो, दिसला की."

"बरं झालं," ती म्हणाली. पुन्हा तिने तो विषय कधी काढला नाही. १९७१ साली ती वारली.

गोष्ट सांगून संपली, तेव्हा आमची खोली माथ्याच्या जवळपास होती. माथा नेमका केव्हा आला, ते ह्या चाकात कळत नाही. वर जाण्याचे केव्हा थांबले आणि उतरण्यास केव्हा सुरुवात झाली, ते नंतर ध्यानात येते. नात गप्प होती. मुलगी काचेबाहेर पाहत होती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात सौभाग्यवतींनी ही गोष्ट प्रथमच ऐकली. त्या काही वेळाने म्हणाल्या, "कळलं असेल हो त्यांना तेव्हाच."

"मग ती बोलली का नाही?"

"काय बोलणार? मघाशी खाली मी तरी काय बोलले? मला काही वाटायचं नाही, असंच म्हटलं ना?"

ह्यावर आम्हांजवळ उत्तर नव्हते. आपल्या घरांतून ज्या बायका 'मला काही वाटायचं नाही' असे म्हणतात, त्यांना पुष्कळ काही वाटत असते, ही गोष्ट समजावयास आम्हांस सत्तरी ओलांडावी लागली, आणि समुद्रापलीकडील एका अनोळखी मुलीने हात वर करावा लागला. आम्ही सुशिक्षित, सुधारक घराण्यातले म्हणवितो. विधवांच्या केशवपनाविरुद्ध आम्ही महाविद्यालयाच्या वक्तृत्वस्पर्धेत बोललो होतो आणि पहिले बक्षीस पटकावले होते. त्या भाषणात आत्याचा उल्लेख नव्हता. मोठ्या रूढींविरुद्ध व्याख्यान देणे त्या मानाने सोपे असते. कारण त्या मोडण्याचे काम समाजाने करावयाचे असते. आपल्याबरोबर आलेल्या एका बाईसाठी, चार मुलांच्या देखत, दहा पैशांच्या पाळण्यात जागा करणे हे मात्र आपले एकट्याचे काम असते आणि ते दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. कोणी म्हणेल, दहा वर्षांच्या पोराचा तो अपराध काय मोठा! आम्हीही स्वतःची हीच समजूत साठ वर्षे घालीत आलो. पण मघाशी दाराशी "बरं, बस मग" हे शब्द ज्याच्या ओठांवर आले, तो दहा वर्षांचा नव्हता.

"आजोबा, आपलं घर कुठं आहे ते शोधू या का?" नातीने विचारले. मुलीचे बिऱ्हाड वायव्येस हॅरो भागात आहे. हवा स्वच्छ असली की ह्या चाकावरून चाळीस किलोमीटरपर्यंत दिसते, असे म्हणतात. आम्ही चष्मा पुसला, काचेला कपाळ लावले आणि घरांच्या, झाडांच्या, धुराड्यांच्या त्या अफाट पसाऱ्यात पुष्कळ वेळ शोधीत राहिलो. सौभाग्यवती शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्याही शोधू लागल्या. काचेपासून आता त्या हातभरही दूर नव्हत्या.

खोली खाली येऊ लागली. घड्याळाचा मनोरा पुन्हा उंच झाला, माणसे पुन्हा माणसांएवढी झाली. दाराशी तीच मुलगी होती. तिने पुन्हा हात वर केला, चाक पुन्हा थांबले, आणि सौभाग्यवती काठी टेकीत उतरल्या. त्यांनी थांबून त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरविला. तिला मराठी समजत नव्हते, तरी "सुखी राहा" ह्याचा अर्थ तिला कळला असावा. कारण ती लाजली.

नदीकाठाने परत चालताना नातीने आमचे बोट धरले होते. वाईचा वाडा विकून आता तीस वर्षे झाली. त्या जागी चार मजल्यांची इमारत आहे; पाळण्यावरून तो दिसत होता की नव्हता, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. हे आम्ही तिला सांगितले. ती थोडा वेळ विचार करीत चालली आणि मग म्हणाली, "आणि आपलं घर? ते दिसलं का तुम्हाला?"

"नाही गं, दिसलं नाही," आम्ही म्हणालो. "पण शोधलं मात्र."